गट तोच, मग रक्त जुळत का नाही?

सिकलसेलविषयी या पानावर आम्ही वेळोवेळी लिहीत आलो आहोत. त्यावर पत्रेही येतात. बहुतेक पत्रांत औषधांची, तपासणीची किंवा दाखल्यांची विचारणा असते. पण कन्हानहून आलेले एक पत्र आम्हांला नुसते उत्तर पाठवून बाजूला ठेवता आले नाही. लिहिणाऱ्या भगिनीचे नाव आम्ही छापत नाही. तिचीही तशीच इच्छा आहे. तिचा मुलगा एसएस पॅटर्नचा, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण आहे. लहानपणापासून त्याला अनेकदा रक्त चढवावे लागले. या वेळी रक्तपेढीतून निरोप आला की आणलेली बाटली जुळत नाही, थांबावे लागेल. मुलाचा गट बी पॉझिटिव्ह, वडिलांचाही बी पॉझिटिव्ह. वडिलांनी आपले रक्त देऊ केले, तर तेही जुळले नाही. घरी आल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, "बापाचे रक्त लेकराला जुळत नाही, हे आम्ही कधी ऐकले नव्हते." पुढे त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून घरातले वागणे बदलले, असे ही भगिनी लिहिते. तिची मागणी एका ओळीची आहे : "हे कसे होते ते समजावून सांगा, मला घरी वाचून दाखवायचे आहे."

घरी वाचून दाखवायचे आहे, म्हणून आम्ही साध्या भाषेत लिहीत आहोत आणि उत्तर शेवटासाठी न ठेवता आधीच देत आहोत. बापाचे रक्त मुलाला न जुळणे यात वावगे काहीही नाही. रक्तपेढीत जी जुळवणी करतात, ती बाप कोण हे ठरविण्याची तपासणी नव्हे. उलट मूल अर्धे आईकडून आणि अर्धे बापाकडून घेते, म्हणूनच बापाचे रक्त त्याला कधी कधी चालत नाही. हे कसे, ते आता क्रमाने पाहू.

गट आठच नाहीत

ए, बी, एबी, ओ आणि त्यांपुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह, असे आठ गट आपल्याला माहीत असतात. ए, बी, ओ हा भेद व्हिएन्नाचे डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखविला. पुढे १९४० च्या सुमारास आरएच गट कळला, ज्यावरून आपण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो. पण शोध तेथे थांबला नाही. आज जगाने मान्य केलेल्या रक्तगट पद्धती ४५ हून अधिक आहेत आणि त्यांतील प्रत्येकीत पुन्हा उपगट आहेत. बी पॉझिटिव्ह म्हणजे पत्त्यातले नुसते गाव झाले. मोहल्ला, गल्ली, घर क्रमांक हे सारे त्याच्या पुढे असते. एकाच गावात राहणाऱ्या दोन माणसांचे घर एक असत नाही, तसेच हे आहे.

हे गट असतात कुठे? रक्तातील प्रत्येक तांबड्या पेशीला एक पातळ आवरण असते. त्या आवरणात निरनिराळी प्रथिने बसविलेली असतात. काही प्रथिने पेशीत ने-आण करतात, काही पेशीला आकार देतात, तर काही बाहेरची वस्तू ओळखून तिला धरतात. या शेवटच्या प्रकाराला शास्त्रात ग्राही प्रथिन, इंग्रजीत रिसेप्टर म्हणतात. प्रत्येक प्रथिन कसे बनवायचे, त्याची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते. कृतीत एखादे अक्षर वेगळे असेल तर प्रथिनाचा एक कण वेगळा बनतो. तो वेगळा कण म्हणजेच वेगळा रक्तगट.

मुंबईत सापडलेला ‘इंडियन’ गट

कन्हानच्या मुलाच्या रक्तात नेमके काय आड आले, ते रक्तपेढीच्या अहवालातच कळेल. अशा मुलांत बहुतेक वेळा आरएच किंवा केल या पद्धतींतील एखादा उपगट आड येतो. पण आड येण्याची रीत सर्वत्र एकच असते. ती समजावी म्हणून आम्ही आपल्याच राज्यात सापडलेल्या एका गटाचे उदाहरण घेत आहोत.

मुंबईत १९५७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने रक्तगटांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. आज ते राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात आहे. तेथील बडाकेरे, जोशी, भाटिया या संशोधकांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह १९७३ साली एक नवा रक्तगट प्रसिद्ध केला. तो भारतीय लोकांत आढळला म्हणून त्याला ‘इंडियन’ असे नाव पडले. या पद्धतीचे मुख्य उपगट दोन : आयएन-ए आणि आयएन-बी. आयएन-बी जवळजवळ सर्वांच्या रक्तात असतो. आयएन-ए मात्र भारतात शंभरात तिघा-चौघांच्याच रक्तात सापडतो. नाव इंडियन असले तरी इराणी आणि अरब लोकांत तो याहून जास्त, शंभरात दहाच्या आसपास आढळला. युरोपात तो जवळपास नाहीच. नाव एका देशाचे दिले, पण रक्ताने सीमा पाळली नाही.

हा गट पेशीवरच्या कोणत्या प्रथिनावर असतो, ते १९८८ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखविले. त्या प्रथिनाचे नाव सीडी-४४. हे ग्राही प्रथिन आहे. आपल्या पेशींच्या मधल्या जागेत आणि सांध्यांत हायलुरॉनिक आम्ल नावाचा एक बुळबुळीत पदार्थ असतो. गुडघेदुखीत डॉक्टर कधी कधी ‘जेल’चे इंजेक्शन देतात, ते याच पदार्थाचे. सीडी-४४ हे त्याला धरून ठेवणारे प्रथिन. ते केवळ तांबड्या पेशींवर नसून पांढऱ्या पेशींवर, त्वचेच्या पेशींवर आणि इतरही अनेक ठिकाणी असते. जखम भरताना आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींनी योग्य जागी पोहोचताना त्याचा उपयोग होतो. कर्करोगाच्या गाठी शरीरात पसरतात तेव्हाही त्याचा हात असतो, म्हणून कर्करोगाचे संशोधक त्याचा बारकाईने अभ्यास करतात.

या प्रथिनाची कृती ज्या जनुकात आहे, ते जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. सीडी-४४ च्या माळेत ४६ व्या जागी आर्जिनिन हा मणी असेल तर उपगट आयएन-बी. तेथे प्रोलिन हा मणी आला तर आयएन-ए. फरक आहे तो एवढाच, एका मण्याचा.

आता सिकलसेलशी याची तुलना करून पहा. ज्या जनुकामुळे सिकलसेल होतो, तेही ११ व्या गुणसूत्रावरच, याच बाजूला आहे. तेथेही एकच मणी बदलतो : हिमोग्लोबिनच्या एका माळेत ६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. तेवढ्याने पेशी विळ्यासारखी वाकते आणि मूल आयुष्यभर वेदना सोसते. सीडी-४४ मधला मणी मात्र बदलला तरी माणसाला काहीच होत नाही. अमेरिकेतील डॉ. मर्लिन टेलन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली हे तपासून पाहिले. बदललेला मणी नेमका त्या भागात आहे, जेथून प्रथिन हायलुरॉनिक आम्लाला धरत असावे असे मानले जाई. तरीही धरण्याचे काम सुटले नाही. म्हणजे आयएन-ए असलेला माणूस अगदी निरोगी असतो आणि आपल्यात काही वेगळे आहे हे त्याला जन्मभर कळतही नाही. कळते ते दुसऱ्याचे रक्त त्याच्या अंगात जाते तेव्हा.

दोन प्रती, त्यांतली एकच मिळते

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. सासूबाईंना हा भाग अवश्य वाचून दाखवावा.

प्रत्येक माणसाजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मूल होते तेव्हा आई आपल्या दोन प्रतींपैकी एक देते, बापही दोनपैकी एकच देतो. समजा, बापाजवळ एक प्रत आयएन-ए ची आणि एक आयएन-बी ची आहे. आईजवळही तशाच दोन आहेत. दोघांकडूनही मुलाला आयएन-ए चीच प्रत मिळाली, तर त्या मुलाच्या पेशींवर आयएन-बी मुळीच असणार नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते.

आता या मुलाला रक्त लागले आणि बापाने दिले, तर काय होईल? बापाच्या पेशींवर दोन्ही उपगट आहेत. त्यांतला आयएन-ए मुलाच्या ओळखीचा आहे, कारण तो बापानेच दिला आहे. पण आयएन-बी मुलाला परका आहे. तो बापाने स्वतःजवळ ठेवला, मुलाला दिला नाही. रक्त न जुळण्याचे कारण ही न दिलेली प्रत असते. आईच्या रक्ताचेही असेच होईल. म्हणजे रक्त न जुळणे हा बाप नसल्याचा पुरावा नाही. आई आणि बाप दोघांनीही आपापला वाटा दिल्यावरच असे मूल जन्माला येते. आरएच आणि केल गटांचा हिशेबही याच रीतीने चालतो.

रक्तगटावरून घरात संशय शिरण्याचे आणखी एक उदाहरण मुंबईचेच आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली असे रक्त शोधून काढले, जे साध्या तपासणीत ‘ओ’ दिसते. पण त्याला ओ गटाचे रक्तही चालत नाही. त्याला जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. बाप एबी गटाचा आणि मूल ‘ओ’ असे कागदावर दिसले तर अर्धवट माहितीचा माणूस लगेच निष्कर्ष काढील. प्रत्यक्षात ते मूल बॉम्बे गटाचे आणि त्याच बापाचे असू शकते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की रक्तगटाच्या चिठ्ठीवरून कोणत्याही बाईच्या चारित्र्याचा न्याय करू नये.

मग पहिल्या बाटल्या कशा चालल्या?

हा प्रश्नही घरात निघेल. मुलाला आधी अनेकदा रक्त दिले, तेव्हा जुळले. आताच काय झाले?

आपल्या रक्तात परक्या वस्तूविरुद्ध लढणारी द्रव्ये तयार होतात, त्यांना प्रतिपिंड किंवा अँटीबॉडी म्हणतात. ए आणि बी यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे बाळपणीच आपोआप तयार होतात. इतर उपगटांविरुद्ध मात्र ती सहसा आधी नसतात. परके रक्त अंगात गेल्यावर, किंवा गर्भारपणात बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळल्यावर शरीर ती तयार करते. ज्याला जन्मात एकदाच रक्त लागले, त्याला हा त्रास क्वचितच होतो. पण सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त लागते आणि प्रत्येक बाटलीबरोबर परक्या उपगटांची भेट वाढत जाते. एक दिवस शरीर त्यांतल्या एखाद्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करते. त्यानंतर तो उपगट असलेली कोणतीही बाटली जुळत नाही. रक्तपेढीने बाटली अडविली, तेव्हा तिने मुलाचा जीव वाचविला असे समजावे. आयएन-बी विरुद्धच्या प्रतिपिंडामुळे चुकीचे रक्त गेल्यास लगेच पेशी फुटू लागतात, हे १९९२ साली नोंदले गेले आहे.

धोका कधी कधी उशिरानेही येतो. रक्त चढविल्यावर तीन दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत ताप येणे, डोळे पिवळे होणे, लघवी काळ्या चहासारखी होणे, अंग दुखणे आणि हिमोग्लोबिन पूर्वीपेक्षाही खाली जाणे, ही त्याची लक्षणे. सिकलसेलच्या मुलाला एरवीही दुखते आणि कावीळही दिसते. त्यामुळे घरचे लोक "नेहमीचेच दुखणे" म्हणून थांबतात. थांबू नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे आणि अमुक तारखेला रक्त चढविले होते, हे न विसरता सांगावे. हे कळले नाही आणि पुन्हा तसेच रक्त चढविले, तर जिवावर बेतते.

दुसरी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. प्रतिपिंड काही महिन्यांनी इतके कमी होते की तपासणीत दिसतही नाही. मग दुसऱ्या रुग्णालयातील जुळवणी "ठीक" येते, रक्त चढते आणि शरीर आपले जुने वैर आठवून आठवड्याभरात त्या पेशींवर तुटून पडते. अशा वेळी मुलाला वाचविणारी गोष्ट एकच असते : मागच्या वेळी कोणते प्रतिपिंड सापडले होते, ते लिहिलेला कागद.

घरात काय करावे

कन्हान, कांद्री, टेकाडी या भागातून मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात जायचे म्हणजे नदीचा पूल ओलांडून कामठीवरून वीसेक किलोमीटरचा प्रवास. रोजी बुडते, लहान लेकराला शेजारी ठेवावे लागते. ज्या वेळी जेथे सोय होईल तेथे मुलाला नेले जाते आणि कागद मागेच राहतात. म्हणून पुढील गोष्टी आम्ही क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, मुलाच्या नावाची एक वही करावी. प्रत्येक वेळी रक्त चढविले की तारीख, रुग्णालय, किती बाटल्या आणि त्रास झाला का, एवढे लिहावे. रक्तपेढीने प्रतिपिंड सापडल्याचे सांगितले तर त्याचे नाव डॉक्टरांकडूनच स्पष्ट अक्षरांत लिहून घ्यावे. ही वही सिकलसेलच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवावी. तिची झेरॉक्स मामाकडे किंवा काकाकडेही असावी.

दुसरी गोष्ट, ज्या मुलाला अजून एकदाही रक्त दिलेले नाही, त्याच्या आईबापांनी डॉक्टरांना विचारावे की पहिली बाटली देण्याआधी त्याचे आरएच आणि केल उपगट तपासून घेता येतील का. एकदा रक्त चढविले की पुढचे साधारण तीन महिने दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि साधी तपासणी फसवू शकते.

तिसरी गोष्ट, दुखले की बाटली, असा हट्ट धरू नये. सिकलसेलच्या प्रत्येक दुखण्यावर रक्त हा उपाय नाही. हिमोग्लोबिन फार खाली गेले, छातीत गंभीर त्रास झाला, पाणथरी एकदम वाढली किंवा पक्षाघात झाला, अशा वेळी ते लागते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास दुखण्याचे झटके कमी होतात आणि अनेकांना रक्तही कमी वेळा लागते. अनावश्यक बाटली टळली, तर नवे प्रतिपिंड तयार होण्याची एक संधीही टळते.

चौथी गोष्ट सख्ख्या भावंडांविषयी. ज्याचा उपगट दुर्मीळ आहे, त्याच्याशी जुळणारे रक्त भावंडांत सापडण्याची शक्यता परक्यापेक्षा खूप जास्त असते. म्हणून त्यांची तपासणी जरूर करावी. पण जवळच्या नात्यातले रक्त थेट देऊ नये. त्यातील पांढऱ्या पेशींमुळे एक घातक विकार होऊ शकतो. तो टाळण्यासाठी रक्तपेढी अशा रक्तावर किरणांची प्रक्रिया करते. घरचे रक्त तेच उत्तम, ही समजूत सोडून द्यावी.

पाचवी गोष्ट म्हणजे, मुंबईच्या ज्या संस्थेचा उल्लेख वर आला, तिने दुर्मीळ गटाच्या रक्तदात्यांची नोंदणी सुरू केली आहे. जुळणारे रक्त मिळत नसेल तर रक्तपेढीच्या डॉक्टरांना तेथे विचारणा करण्याची विनंती करावी. सिकलसेलच्या रुग्णांना सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळावे आणि त्याबदल्यात दाता मागू नये, असे शासनाचे धोरण आहे, हेही लक्षात ठेवावे.

समाज म्हणून

नागपूर भागात सिकलसेल आहे, हे १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. त्यांना तो विशेषतः आपल्या समाजात दिसला. तेव्हापासून काही लोक त्याला "यांचा आजार" म्हणू लागले. प्रत्यक्षात तो आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणात आहे आणि इतर समाजांतही आहे. हे जनुक जेथे हिवताप फार होता तेथे टिकले, कारण एएस पॅटर्नच्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळत असे. जात पाहून ते कोणाच्या अंगात शिरले नाही. रक्तपेढीतल्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, जात लिहिलेली नसते. आपल्या मुलांना आजवर ज्यांच्या बाटल्या चढल्या, ते कोण होते हे आपल्याला कधी कळणार नाही.

त्याची परतफेड आपणही अनोळखी माणसालाच करू शकतो. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ठिकठिकाणी आपल्या तरुणांची रक्तदान शिबिरे होतात. ती वर्षातून दोनदाच न राहता वर्षभर विभागून व्हावीत, कारण पिशवीतले रक्त साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकते आणि मुलांना ते बाराही महिने लागते. दाते जितके जास्त आणि नियमित, तितकी दुर्मीळ उपगटाची बाटली सापडण्याची आशा जास्त. एएस पॅटर्नच्या वाहकांनी मात्र रक्तदानापूर्वी डॉक्टरांना आपला पॅटर्न सांगावा.

राहता राहिले कन्हानच्या आजीबाई. आजी, तुम्ही जे बोललात ते नातवाच्या काळजीपोटी बोललात, असे आम्ही मानतो. तुमच्या नातवाच्या रक्तात तुमच्या मुलाचाही वाटा आहे आणि सुनेचाही. त्या दोघांनी जे त्याला दिले, ते त्याच्या पेशीपेशीवर आहे. न दिलेल्या प्रतीवरून सुनेला बोल लावू नका. पुढच्या वेळी तो दवाखान्यात जाईल तेव्हा ती वही तुम्हीच आठवणीने पिशवीत ठेवा.